तीनशे एकेचाळिसावा दिवस

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून,
रविवार, २३ फेब्रुवारी १९८६

प्रिय वहिनी,

आधी खाली बस. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आणि एकटीने तर नकोच. तुझ्या आईला जवळ बोलाव. मी चार वेळा गोड सुरुवात करून पाहिली, पायांवरची सूज उतरली का, डॉक्टरांनी तारीख कुठली दिली वगैरे, आणि चारही कागद फाडले. म्हणून सरळच लिहिते. दादाचे डोळे आले नव्हते. त्याच्या उजव्या डोळ्यात लोखंडाची कणी शिरली होती आणि ती जवळजवळ दोन आठवडे आतच होती. परवा शुक्रवारी ऑपरेशन करून काढली. दादाच्या जिवाला काही धोका नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलंय. तो जेवतो, बोलतो, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची चेष्टाही करतो. पण डोळा राहील की नाही हे बाई सांगत नाहीत. आत पू झाला होता. सध्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, ती बुधवारी सोडणार. आतली लागण आटोक्यात आली नाही तर उजवा डोळा काढावा लागेल, नाहीतर चांगल्या डोळ्यालाही त्रास होऊ शकतो, एवढंच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईला हे शेवटचं माहीत नाही. तुला सांगतेय.

दादाने मला आईची शपथ घातली होती की तू बाळंत होईपर्यंत तुला एक अक्षर कळवायचं नाही. “ती तिकडे सुखात आहे ना, राहू दे तिला. तुझं ते सगळं खरं-खरं सांगायचं खूळ निदान महिनाभर आवर गं सुलू.” मी हो म्हटलं होतं. दोन दिवस पाळलंसुद्धा. आज मोडतेय. आईला देवापुढे बसवून मी तिला आधीच सांगून टाकलं की तुझी शपथ मोडणार आहे, तर ती म्हणाली, “बाय माझे, मोड. मी एवढ्यात मरत नाही.” तेव्हा तीही काळजी तू करू नकोस.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. बाबा गेल्यावर दादा आयटीआय करून फिटर म्हणून लागला, त्याला संध्याकाळचं कॉलेज करायचं होतं ते त्याने मनातल्या मनात मिटवलं आणि मला मात्र बी.एस्सी.पर्यंत ढकललं. आपल्या घरातली पहिली पदवी. निकालाच्या दिवशी त्याने भटवाडीच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तेच एक वाक्य म्हणाला, “आमच्या घरात आता शाईचा माणूस झाला.” त्याच्याच कंपनीत मुलुंडला सुरक्षा विभागात जागा निघाली तेव्हा अर्जही त्यानेच आणून दिला. भोपाळचं झाल्यानंतर सगळ्याच कारखान्यांना सुरक्षेची आठवण झाली होती. देसले साहेबांकडे आधी फक्त हजेरी-रजा असायची, त्यात सुरक्षा आली, आणि त्यांच्या हाताखाली मी. सायनला सरकारी संस्थेत दोन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. तिथून आले ती मी पेटूनच. आठवतं ना, रोज रात्री जेवताना मी तुम्हाला शिकवायचे, गॅसची नळी कशी तपासायची, शिडी कशी लावायची, आणि तू म्हणायचीस, “सुलूताई, आमटी तरी बिनधोक खाऊ द्या.”

कुकरची कल्पना माझी होती, वहिनी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण मला मिरवायचं नव्हतं. आता मिरवण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून सांगते. राज्यपातळीवरच्या सुरक्षा पुरस्कारासाठी वर्षभर एकही नोंदलेला अपघात नसावा, म्हणजे दुखापतीने कोणाचा खाडा पडू नये, अशी अट होती. मी देसले साहेबांना म्हटलं, पुरस्काराची ढाल ऑफिसच्या भिंतीवर लागेल, पण कामगाराच्या घरात काय जाईल? तीनशे पासष्ट दिवस अपघाताविना गेले तर चारशे बारा कामगारांना एक-एक प्रेशर कुकर द्या. घरातली बाईच मग नवऱ्याला रोज सांगेल, सांभाळून काम करा. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मॅनेजरांपुढे स्वतःच्याच नावाने मांडलं. मला वाईट वाटलं नाही, मला आनंदच झाला.

गेटच्या आत तो पत्र्याचा हिरवा फलक लावला, ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली तीन खिळ्यांवर आकड्यांच्या पाट्या. रोज सकाळी पहिली पाळी आत येताना मी स्टुलावर चढून आकडा बदलायचे. आणि मी पाटी टांगली की प्रेस शॉपची पोरं दातांतून कुकरची शिट्टी वाजवायची. शंभराव्या दिवशी एक, दोनशेव्या दिवशी दोन. “मॅडम, डाळ शिजत आली!” मी स्टुलावरून हसत उतरायचे. चाळीत तर काय, शेजारच्या मालनताईंनी जुनं पातेलं मोडीत देऊन टाकलं. समोरच्या खोलीतली शकु म्हणायची, कुकर आला की मी डाळ-भात लावून खुशाल टीव्हीसमोर बसणार, शिट्ट्या सासूबाईंनी मोजायच्या. आपल्या चाळीतली सात घरं आपल्याच कंपनीतली. सात घरांत कुकरची जागा आधीच रिकामी करून ठेवलेली.

आणि जखमा कमी झाल्या. कंपनीच्या दवाखान्याच्या वहीत पहिल्या महिन्यात किरकोळ जखमांच्या अकरा नोंदी होत्या, सप्टेंबरात दोन, डिसेंबरात एकही नाही. मी त्याचा आलेख काढला. सायनला पुन्हा बोलावलं तेव्हा तो दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनाला एकदाही विचारलं नाही की चारशे बारा माणसं लोखंडाशी रोज झुंजतात आणि एकालाही खरचटत नाही, हे कसं? त्याच सुमाराला बऱ्याच जणांच्या बोटांना वायरमनची काळी टेप गुंडाळलेली दिसायची. मी विचारलं तर म्हणाले, “पकड चांगली बसते, मॅडम.” मी ते खरं मानलं. त्या टेपच्या खाली काय आहे हे बघण्यासाठीच तर मला पगार होता. कोणाला दवाखान्यात जायचंच नव्हतं, वहिनी. आपल्यामुळे चारशे अकरा घरांचा कुकर जावा, हे पाप कोण डोक्यावर घेईल? कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, साहेबांनीही नव्हतं. ते आपलं आपणच ठरलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. फलकावर तीनशे एकेचाळीस. काय झालं ते मला भाऊरावांनी सांगितलं. भाऊराव म्हणजे दादाच्या शॉपमधले सर्वांत जुने फिटर, तुझ्या लग्नात टोपी हरवली म्हणून जेवायला बसत नव्हते तेच. एका मशीनचा गंजलेला बोल्ट अडकून बसला होता, तो दादा छिन्नी-हातोड्याने ठोकून काढत होता. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं होतं. तसं झालं की घासून सपाट करावं लागतं, नाहीतर कडेचा तुकडा उडतो. हे मीच शिकवलेलं, भिंतीवर चित्रही माझ्याच हातचं. पण घासायला जायचं म्हणजे दहा मिनिटं जातात. तुकडा उडाला. दादाने डोळा धरला आणि दवाखान्याकडे न जाता भाऊरावांकडे गेला. आपल्याकडे पहिल्यापासून हीच रीत. कोणाच्या डोळ्यात काही गेलं की भाऊराव काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळतात, माणसाला उजेडात उभं करतात, “मिटू नको रे, बायकोला आठव,” म्हणतात आणि कण अलगद टिपतात. तीस वर्षांत शेकडो डोळे त्यांनी असे साफ केलेत. दादाच्या डोळ्यात त्यांना काही दिसलंच नाही, कारण ती कणी बुबुळाच्या कडेने आत शिरलेली होती. त्यांनी दोनदा काडी फिरवली आणि पाठीवर थाप मारली, “निघालं बघ. जा, पाणी मार.” आणि दुखणंही फारसं नव्हतं म्हणे. तेच घातक. बारीक, तापलेली कणी आत जाते तेव्हा जागाही दाखवत नाही.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. संध्याकाळी तो डोळ्याला रुमाल लावून आला आणि म्हणाला, डोळे आलेत, शॉपमध्ये साथ आहे. तू धने भिजवून त्याचं पाणी घातलंस. मी काय केलं आठवतं? त्याचा टॉवेल वेगळा काढून ठेवला आणि त्यालाच लेक्चर दिलं की सार्वजनिक आरोग्यासाठी त्याने दोन दिवस घरी राहावं. तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, खाडा लागला तर तुमच्या वहीत लिहावं लागेल ना!” मी ती थट्टा समजले. मंगळवारी त्याने तुला माहेरच्या एसटीत बसवलं तेव्हाही तो डाव्या बाजूने बघत होता, हे मला आता आठवतं. तुला तेव्हा काही जाणवलं होतं का गं? विचारतेय ते तुला बोल लावायला नाही. मला जाणवायला हवं होतं. मी त्याच्या शेजारी बसून जेवत होते, आणि मला सरकारने शिकवलं होतं.

या बुधवारी, १९ तारखेला, तो स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होता. नरसाळं डाव्या हातात नीट धरलं होतं आणि डबा वाकडा करून सगळं रॉकेल नरसाळ्याच्या शेजारी, फरशीवर ओतलं. ओततच राहिला. मी ओरडले तेव्हा थांबला. मग मी त्याला दारात, उजेडात उभं केलं आणि पहिल्यांदा त्याचा डोळा नीट पाहिला. बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरी रेघ साचली होती, नखावर असते तशी. गुरुवारी सकाळी इथे आणलं. एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, कधी झालं, कुठे झालं? आणि दादा अजिबात न अडखळता म्हणाला, “घरी. ९ तारखेला, रविवारी, मसाल्याच्या पाट्याला छिन्नीने टाकी लावत होतो, तेव्हा काहीतरी उडालं.” बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. मी बाजूलाच उभी होते. आपल्या पाट्याला टाकीवाली येऊन संक्रांतीच्या आधीच टाकी लावून गेली होती, आणि तू तिला पैसे देताना घासाघीस केली होतीस हे मला आठवत होतं, तरी माझं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मीच काहीतरी विसरतेय. आपला माणूस इतकं सरळ खोटं बोलतो तेव्हा आधी स्वतःवरच शंका येते.

शुक्रवारी ऑपरेशन चाललं होतं तेव्हा भाऊराव जिन्यात येऊन बसले होते. वॉर्डात येईनात. मी चहा घेऊन गेले तर रडायलाच लागले. “पोरी, मी शपथेवर सांगतो, मला दिसलं असतं तर मीच दवाखान्यात नेलं असतं. मला वाटलं, निघालं.” तिथे मला सगळं कळलं. मी म्हटलं, भाऊराव, हेच ऑफिसात सांगाल? तर पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “वर्ष राहिलंय गं माझं. काडी कोणी फिरवली विचारतील.” मग शॉपमधल्या इतरांना विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांची पाठ होती. वाईट माणसं नाहीत ही, वहिनी. त्यांच्यातल्या दोघांनी काल रात्रपाळी करून येऊन दादासाठी रक्त दिलं तर चालेल का म्हणून विचारलं. डोळ्याला रक्त लागत नाही म्हटलं तर नारळपाणी ठेवून गेले.

काल शनिवारी मी कामावर गेले आणि अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. दादाचं नाव जयवंत, तारीख ८, जागा फिटिंग शॉप. नाव दोनदा गिरवलं. मग बाहेर येऊन स्टुलावर चढले आणि फलकावर तीन शून्यं टांगली. पाळी आत येत होती. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे परत तीनशे पंचावन्न लागलं होतं. देसले साहेबांनी मला बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “बाळ, तू दमलीयस. भाऊ स्वतः सांगतोय घरी लागलं, तू सांगतेस इथे लागलं. साक्षीदार कोण? चार मार्चला ढाल मिळणार, त्याच दिवशी द्यायचं तुझं नोकरी कायम झाल्याचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये तयार आहे.” आणि संध्याकाळी चाळीत मालनताई नळावर भेटल्या. नेहमी पोटभर बोलणारी बाई, बादली उचलताना एवढंच म्हणाली, “शिकलेल्यांचं बरं असतं हो, सुलक्षणाबाई. त्यांना कुकर विकत घेता येतो.”

दादाला मी विचारलं, का रे असं केलंस? दोन्ही डोळ्यांवर पट्टी, तोंड भिंतीकडे. म्हणाला, “चारशे बारा घरं आहेत यार. आणि तुझं कायमचं पत्र. गप ना गं. चार मार्च होऊ दे.” त्याला वाटतं त्याने माझ्यासाठी डोळा दिला. वहिनी, तो हे असं बोलतो ना, तेव्हा मला त्या वॉर्डात उभं राहवत नाही, मी इथे व्हरांड्यात येऊन बसते.

आता जे लिहायचंय ते आजपर्यंत मी कोणालाच सांगितलेलं नाही, दादाला तर ते माहीतच आहे आणि तो त्याबद्दल एक शब्द काढत नाही. फिटिंग शॉपचे काम करताना घालायचे जुने सुरक्षा-चष्मे ओरखडे पडून इतके आंधळे झाले होते की घातल्यावर हातोडा दिसत नव्हता. जानेवारीत नवे चष्मे आले. बारा डझन, एकेक कागदी पाकिटात. देसले साहेब म्हणाले, आत्ता वाटलेस तर पुरस्काराची समिती येईपर्यंत यांचीही तीच दशा होईल. २८ तारखेला समिती पाहणीला येतेय, आदल्या दिवशी वाट, म्हणजे सगळे कोरे करकरीत दिसतील. मला ते पटलं नव्हतं, पण मी हो म्हटलं. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. ७ तारखेला, शुक्रवारी, दादा माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, “सुलू, एक चष्मा काढ की. त्या जुन्यातून काही दिसत नाही गं.” आणि मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, “दादा, नाही. सगळ्यांना एकदम मिळणार. बहीण कपाटाशी आहे म्हणून भावाला आधी मिळाला असं उद्या कोणी म्हणायला नको.” तो म्हणाला, “बरोबर आहे तुझं,” आणि गेला. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी तो चष्म्याशिवाय ठोकत होता. बारा डझन चष्मे माझ्यापासून चार हातांवर कुलपात होते. तू वाचताना इथे थांबशील, मला माहीत आहे. थांब. मला जे म्हणायचं असेल ते म्हण. माझ्याशी पुन्हा बोलू नये असं वाटलं तरी मी ते समजून घेईन. फक्त पत्र पुढे वाच.

कारण हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी मी डबा आणायला घरी गेले होते तेवढ्यात देसले साहेब वॉर्डात येऊन गेले. घरी इजा झाली अशा मजकुराच्या कागदावर दादाने अंगठा दिला आहे. डोळे बांधलेले, सही कुठे करायची दिसेना, म्हणून आयटीआय झालेल्या माणसाने अंगठा दिला. तो कागद टिकला तर त्याच्या डोळ्याचं काहीही झालं तरी कामगार विम्यात ते कामावरचं नुकसान धरलं जाणार नाही, त्याला जन्मभर मिळायची पेन्शन मिळणार नाही, आणि ते चष्मे २७ तारखेपर्यंत कुलपातच राहतील. पण नुसत्या अंगठ्यावर भागत नाही, त्यांना घरचा साक्षीदार हवा. आईने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. म्हणून परवा मंगळवारी कंपनीची जीप तुझ्या माहेरी येणार आहे, दादानेच त्यांना पत्ता सांगितला. साहेब फळं आणतील, अगदी गोड बोलतील, जयवंतची इच्छा आहे म्हणतील, आणि ते खरंही आहे. ‘रविवारी माझ्यासमक्ष पाट्याला टाकी लावताना’ असा टाइप केलेला कागद पुढे करतील. पोस्टाने हे पत्र वेळेत पोचलं नसतं, म्हणून तुमच्या वाडीतले दशरथकाका आज संध्याकाळच्या एसटीने निघताहेत त्यांच्या हाती देतेय. उद्या मी माझा लेखी जबाब कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत देणार आहे, किल्ली माझ्याकडे होती हेही त्यात आहे. माझी नोकरी जाईल बहुधा. पण मी बहीण आहे, आणि मी तिथे नव्हते. माझ्या शब्दाला देसले साहेब सहज खोडतील. तुझ्या शब्दाला नाही. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही, कंपनीविरुद्ध भांडायलाही सांगत नाही. त्या कागदावर सही करू नकोस, आणि तू स्वतः पाहिलंस तेवढंच त्यांच्यासमोर सांग: शनिवारी संध्याकाळी तो कामावरूनच डोळ्याला रुमाल लावून आला, आणि त्याच दिवशी सकाळी तू दादाच्या हातात डबा दिलास तेव्हा त्याचे दोन्ही डोळे चांगले होते.

तुझीच, तू ठेवशील तर,
सुलू